ब्रेकचं काम घरी करताय तर जॅकवर विसंबू नका

संपादक साहेब,

सोलापुरात हल्ली बरीच पोरं व्हिडिओ बघून गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलतात, चांगलंय, पण नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली हात घालतात ते बघून जीव घाबरतो हो, गाडीखाली पक्का जॅक स्टँड लावलाच पाहिजे. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कच्या चकतीवर दाबणारा भाग, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेनं बांधा. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की नवीनच, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागं ढकललेला असतो म्हणून सुरुवातीला पेडल थेट तळाला जातं, ते कडक होईपर्यंत दाबत राहा मगच गाडी हलवा, तुळजापूरच्या घाटात कळून काय उपयोग? यावर फोटोंसकट एक लेख छापा ना.

एक वाचक, होटगी रोड, सोलापूर