जानेवारीच्या दिनविशेषात तिथी आणि शकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ जानेवारी जवळ आली की ‘संक्रांतीच्याच दिवशी पानिपत झाले’ हे वाक्य दिनविशेषाच्या चौकटीत हमखास येते. ते चूक आहे. लढाई झाली पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवारी. १४ जानेवारी १७६१ ही इंग्रजी तारीख बरोबर, पण त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. संक्रांतीचे निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेले, वर्ष इंग्रजी वर्षाहून साधारण २० मिनिटांनी मोठे असते, त्यामुळे सरासरी ७२ वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे जाऊन संक्रांत १४ तारखेला कशी सापडेल? संक्रांतीशी नाते जोडायचेच, तर ते आदल्या वर्षीच्या, दिल्लीजवळच्या बुराडी घाटाच्या लढाईशी जुळते. दत्ताजी शिंदे तिथे १० जानेवारी १७६० रोजी पडले. त्यांचे मरण संक्रांतीचे, असे परंपरेने सांगतात आणि ते गणितात बसण्याजोगे आहे.

दुसरी चूक वर्षाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकवलेले सूत्र चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच चालते. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जानेवारीत पौष-माघ येतात, म्हणून नेमक्या याच महिन्यातल्या घटना एक वर्ष मागे जातात. जिजाऊसाहेबांचा जन्म पौष पौर्णिमा, शके १५१९ चा. ७८ मिळवाल तर १५९७ येईल. खरे वर्ष १५९८. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक माघ शुद्ध ७, शके १६०२, म्हणजे १६८१.

सर्वांत जास्त घोळ होतो तो दोन कालगणनांमुळे. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणना चालवली. सुरतेचे डच आणि गोव्याचे पोर्तुगीज मात्र ग्रेगोरियन, म्हणजे आज चालते त्या गणनेच्या, तारखा घालत. शिवाजी महाराज सुरतेत शिरले तो बुधवार इंग्रजांच्या हिशेबाने ६ जानेवारी १६६४, डचांच्या हिशेबाने १६ जानेवारी. भरीस भर म्हणजे इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या कागदांत याच जानेवारीवर १६६३ हे साल दिसते. ते वाचून सुरतेची लूट वर्षभर मागे ओढू नये.

पडताळणीची रीत अवघड नाही. आधी मूळ तिथी, शक आणि वार लिहून घ्यावा. मग छापील तारीख कोणत्या गणनेतली ते ठरवावे. शिवकालाच्या आपल्याकडे रूढ असलेल्या बहुतेक तारखा ज्युलियन आहेत. ज्युलियन तारखेत २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस आणि त्यानंतर ११ दिवस मिळवले की ग्रेगोरियन तारीख येते. म्हणून संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या १६ जानेवारी १६८१ ची २६ होते, तर शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाच्या १२ जानेवारी १७०८ ची २३. शेवटी वार आणि चंद्र ताडून पाहावा. जिजाऊसाहेबांच्या जन्माच्या १२ जानेवारी १५९८ ला १० दिवस मिळवले की २२ तारीख येते आणि चंद्र पुरा भरतो. न मिळवता शोधाल तर त्या रात्री पौर्णिमा सापडणार नाही.

इथे मोबाइलमधली कॅलेंडरे फसवतात. त्यांतली बहुतेक ग्रेगोरियन गणनाच मागे नेतात, म्हणून १६ जानेवारी १६८१ ला ती गुरुवार दाखवतात. खरा वार रविवार. मग कुणीतरी जुन्या कागदातला वारच ‘दुरुस्त’ करतो आणि चूक कायमची होते. आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा १० दिवस मिळवण्याचा प्रकार तर त्याहून वाईट, कारण मूळ तिथी सोबत नसेल तर तो उघडकीलाच येत नाही.

१७५२ नंतरच्या नोंदींना हे दहा-अकरा दिवसांचे गणित लागत नाही. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८, सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१, ‘दर्पण’चा पहिला अंक शुक्रवार, ६ जानेवारी १८३२. या तारखा आहेत तशा छापाव्यात.

विनंती एवढीच की, जुन्या नोंदींना एक ओळ जास्त द्यावी. उदाहरणार्थ: ‘माघ शुद्ध ७, शके १६०२, रविवार, १६ जानेवारी १६८१ (ज्युलियन): छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक.’ आणि येत्या १४ तारखेला: ‘पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार; १४ जानेवारी १७६१ (ग्रेगोरियन): पानिपतची तिसरी लढाई.’ संक्रांतीची नोंद त्याच पानावर, पण वेगळ्या ओळीत असावी.

आपला,
एक वाचक, सातारा