म्हणजे नेमकं कोणाला?

ताई,

पूरग्रस्तांसाठीचा आपला कार्यक्रम संपल्यावर तुम्हाला मंचावर बोलवायचं आम्ही ठरवलं होतं. तुम्ही तेव्हा मागच्या दाराशी तिकिटांची अर्धुकं मोजत बसला होतात आणि "मोजणी अर्धवट टाकून येणार नाही" म्हणालात. माईकवर जे बोलायचं राहिलं ते आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. उघड लिहिण्याचं कारणही आहे. आमच्यासारखी गाणारी-वाजवणारी माणसं प्रत्येक आपत्तीनंतर मदतीचे कार्यक्रम करतात, मनापासून करतात, आणि आम्ही ज्या चुका करायला निघालो होतो त्याच करून बसतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं तर तुमचा उपयोग आमच्यापुरता राहणार नाही.

पूर येऊन चौथा दिवस होता. आम्ही नऊ जण तालमीच्या खोलीत जमलो होतो. छपरांवर बसलेल्या माणसांची चित्रं सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे तालीम बाजूलाच राहिली होती. पोस्टर मात्र छापून आलं होतं: 'पूरग्रस्तांच्या मदतीसाठी संगीत मैफल.' तुम्ही ते वाचलंत, चष्मा काढलात आणि विचारलंत, "पूरग्रस्तांच्या म्हणजे नेमकं कोणाच्या? पैसे कोणाच्या हातात देणार?"

कोणीच बोलेना. मग एक जण म्हणाला, "आधी जमू तर देत, मग बघू." तो मीच. आणि मला तुमचा रागही आला होता. लोक पाण्यात उभे आहेत आणि या बाई कागदपत्रांचं काय विचारतात, असं मनात आलं. ते तुम्हाला चेहऱ्यावर दिसलं असणार. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही आम्हाला रविशंकरांच्या त्या मैफलीबद्दल विचारलंत.

ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, अशी आमची समजूत होती. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लाखो माणसांचा बळी घेतला, पाठोपाठ १९७१ चं युद्ध आलं, निर्वासितांचे लोंढे निघाले. पंचवीसेक हजार डॉलर जमले तरी पुष्कळ, अशा हिशेबाने रविशंकर मदत मागायला 'बीटल्स'वाल्या जॉर्ज हॅरिसनकडे गेले. काही आठवड्यांत तयारी झाली आणि १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग झाले. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा, पुढे बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार. तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर आले आणि ते युनिसेफला गेले. इथपर्यंत आम्ही तुमच्याबरोबर माना डोलावत होतो.

पुढचं आम्हाला माहीत नव्हतं. तिकिटांच्या कितीतरी पट पैसा ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून यायचा होता, आणि तोच अडकला. कार्यक्रम कोणत्या धर्मादाय संस्थेसाठी आहे याची रीतसर नोंद आधी झालेली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने लाखो डॉलर कित्येक वर्षं रोखून धरले. कोणी पैसे खाल्ले नव्हते. हेतूत तर तसूभर खोट नव्हती. फक्त एक काम आधी करायचं ते नंतरवर गेलं होतं. त्या मैफलीत सुरुवातीला वाद्यं जुळवून झाली तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा आम्ही संगीतवाले कौतुकाने सांगतो. तुम्ही तो ऐकून घेतलात आणि म्हणालात, "वाद्यं जुळली होती, कागद जुळवायचे राहिले होते." त्यानंतर मी वाद घातला नाही.

पोस्टर आठ दिवस थांबलं. त्याच पोस्टरच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने जे लिहिलंत तो कागद अजून तालमीच्या खोलीत भिंतीवर आहे. पैसे ज्या संस्थेला द्यायचे तिचे लोक पाणी येण्याआधी तिथे होते का? वर्षभराने असतील का? तिथल्या माणसांपैकी निर्णय कोण घेतं? हिशेब मागितला तर किती दिवसांत दाखवतात? या शेवटच्या प्रश्नाने आमची दोन मोठी नावं गळाली. एकाकडून उत्तर आलं नाही, दुसऱ्याकडून फोटोंचं जाडजूड पुस्तक आलं. आणि अकरा वर्षं त्याच खोऱ्यात काम करणारी एक छोटी संस्था, जिचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलंही नव्हतं, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद पाठवले. त्यात पगारांचा आणि गाडीच्या डिझेलचा खर्च बराच दिसत होता. आमचा बासरीवाला लगेच म्हणाला, "एवढे पैसे पगारात जातात?" तुम्ही त्यालाच उलट विचारलंत की चिखलात उतरून विहिरी कोण साफ करणार, आणि ती माणसं तिथवर चालत जाणार का. ज्या संस्थेत खर्चच दिसत नाही तिथे एक तर काम होत नाही, नाहीतर खर्च लपवलेला असतो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

कपड्यांचंही सांगायला हवं, कारण त्या कल्पनेवर आम्ही फार खूश होतो. तिकिटाऐवजी जुने कपडे, भांडी, औषधं आणली तरी प्रवेश, असं ठरत होतं. तुम्ही २००४ च्या त्सुनामीनंतरचं तमिळनाडूतलं नागपट्टिणम आमच्यासमोर उभं केलंत: रस्त्याच्या कडेला टाकलेले वापरलेल्या कपड्यांचे ढीग, पावसात भिजून कुजलेले, कोणी हात न लावलेले. असा माल वाहायला ट्रक लागतो, उतरवायला माणसं लागतात, निवडायला जागा लागते, आणि नेमकं तेच तिन्ही आपत्तीत कमी असतं. औषधांचं तर त्याहून कठीण. दान म्हणून आलेल्या औषधाची मुदत, ते पोहोचल्यावर, निदान वर्षभर तरी शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच सांगून ठेवलं आहे. आमच्या घरातल्या अर्ध्या पट्ट्या त्यात बसल्या नसत्या. "ज्याला साडी हवी त्याला तुम्ही साडी देता, पण त्याला कदाचित पंप हवा असेल. पैसे द्या, तो ठरवेल," इतकंच म्हणालात.

आता ध्वनिव्यवस्थेवाल्या दादांची गोष्ट. सगळे कलाकार बिनमोबदला वाजवणार हे आम्ही अभिमानाने जाहीर केलं होतं आणि त्या ओघात ध्वनीवाले, प्रकाशवाले, पडदा ओढणारी दोन मुलं, सगळ्यांना गृहीत धरलं होतं. तुम्ही खर्चाची यादी मागितलीत. ध्वनीसमोर शून्य होतं. तुम्ही विचारलंत, "त्यांना विचारलंय?" मी म्हणालो, "चांगल्या कामाला कोण नाही म्हणेल?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तर विचारायचं. नाही म्हणता येत नाही अशा माणसाकडून घेतलं तर ते त्याचं दान कसं?"

मी त्यांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, त्या आठवड्यात त्यांचं ते एकच काम होतं, दोन पोरांची मजुरी खिशातून द्यावी लागणार होती, पण आम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं. ताई, इतकी वर्षं मी मंचावर बसतो. माझा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाच्या घरी काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ तबलजींनाही तुम्ही बाजूला घेऊन त्यांचं मानधन त्यांच्या हातात दिलंत, कोणाला न कळता. हे त्यांनीच मला परवा सांगितलं, आणि ते मी इथे लिहावं असंही तेच म्हणाले. खर्च धरून दर शंभरातले एकवीस आमच्याकडे संपले. एकोणऐंशी गेले. हे दोन्ही आकडे आपण कार्यक्रमाच्या आधीच अंदाजाने तिकिटावर छापले होते, आणि त्यामुळे एकही माणूस तिकीट न घेता परत गेला नाही.

त्या मुलीबद्दलही तुमचे आभार. छावणीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज छान आहे असं कळलं होतं आणि तिला मंचावर आणायचा आमचा बेत होता. लोक हेलावतील, पेटी भरेल, असं कोणी तोंडाने बोललं नाही, पण मनात तेच होतं. तुम्ही विचारलंत, "तिला गायचंय का, की आपल्याला तिला दाखवायचंय?" तिला विचारलं. तिला नव्हतं गायचं. तिला परीक्षेची पुस्तकं हवी होती. तिची मागणी, तिचं नाव न घेता, संस्थेच्या यादीत गेली, आणि मंचावर तिच्याविषयी एक शब्द बोलला गेला नाही.

त्याऐवजी मंचावर आपण पाण्याबद्दल बोललो. पाऊस निसर्गाचा, पण पाण्याच्या वाटेत घरं कोणाची असतात, नाले कोणी बुजवले, धरणातून पाणी सोडताना खालच्यांना कळवलं का, हे निसर्ग ठरवत नाही. १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' हा मदतीचा संगीत कार्यक्रम झाला तेव्हा इथिओपियातला दुष्काळ जगाच्या घराघरांत पोहोचला, अफाट पैसा उभा राहिला. मात्र त्या भुकेला अवर्षणाइतकंच तिथलं युद्धही कारण होतं, हे गाण्यांच्या गजरात फार थोड्यांच्या कानावर गेलं. आपण दहा मिनिटं तरी बोललो. मला वाटलं होतं लोक चुळबुळ करतील. नाही केली.

मोजणीची रात्र मी विसरणार नाही. पेटी दोघांनी मिळून उघडायची, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. चार तिकिटं कमी येत होती. रात्रीचे दोन वाजले. तिसऱ्या मोजणीला ती चार अर्धुकं माझ्या हार्मोनियमच्या पेटीत सापडली. पाहुण्यांना आत सोडताना मीच घाईत तिथे ठेवली होती. तुम्ही हसला नाहीत, वैतागला नाहीत. वहीत वेळ लिहिलीत, सही केलीत आणि वही माझ्यापुढे सरकवलीत.

यानंतरची तुमची गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांत जड गेली. निम्मे पैसे लगेच, निम्मे आठ महिन्यांनी. इतरांनीच काय, आमच्या गटातल्याही काहींनी बोल लावले. लोक आज अडचणीत आहेत आणि तुम्ही पैसे दाबून ठेवता, असं मला तोंडावर ऐकावं लागलं. तुम्ही पुन्हा २००४ चीच आठवण दिलीत. त्या त्सुनामीनंतर काही दिवसांतच 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की या कामासाठी लागतील तेवढे पैसे आमच्याकडे आले आहेत, आता फक्त त्सुनामीसाठी म्हणून पाठवू नका. आणि आलेला जास्तीचा पैसा दुसरीकडे वापरायला त्यांनी देणगीदारांची परवानगी मागितली. पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांचा हात सैल असतो. मग दुसरी बातमी येते.

तसंच झालं. पहिल्या हप्त्यातून विहिरी उपसल्या गेल्या, शुद्ध झाल्या. सहाव्या महिन्यात संस्थेचा फोन आला की बाकीच्यांची मदत आटली आहे, ताडपत्र्या उन्हाने फाटल्या आहेत आणि पुढचा पावसाळा दारात आहे. आपले निम्मे पैसे तेव्हा जागेवर होते. छपरांचे पत्रे कोणते घ्यायचे हे तिथल्या बायकांनी ठरवलं. एकीने दोन जाडीचे पत्रे हातात धरून वाकवून पाहिले आणि जाड घेतला, थोडी कमी घरं झाली तरी चालतील, पण पुन्हा वर चढून बसायची वेळ आली तर पत्र्याने तोललं पाहिजे, असं तिचं म्हणणं. संस्थेच्या कार्यकर्तीने हे पत्रात कळवलं आहे. ते वाचल्यापासून मला बोल लावणारे आमचे दोघेही तुमच्याबद्दल फार आदराने बोलतात.

दुसरा हप्ता गेल्या सोमवारी गेला. पावती आली, तपासनिसांची सही झाली, सगळा हिशेब ज्यांनी तिकीट घेतलं त्या प्रत्येकाला पाठवतो आहोत, त्या चार अर्धुकांसकट.

एक ओळ तेवढी अडली आहे. प्रवासखर्चाच्या रकान्यात सगळ्यांची नावं आहेत, तुमच्या नावापुढे काही नाही. तुम्ही छावणीत तीनदा जाऊन आलात, संस्थेच्या कार्यालयात दोनदा, आणि एकाही फेरीची तिकिटं दिली नाहीत. ध्वनीवाल्या दादांचं शून्य तुम्ही चालवून घेतलं नव्हतं. आम्हीही तुमचं चालवून घेणार नाही. दान म्हणून सोडायचं असेल तर तसं लिहून सही करून द्या, देणगीच्या पावतीसह नोंद करतो. नाहीतर तिकिटं पाठवा. रविवारपर्यंत वही उघडी ठेवली आहे.

आपला,
हार्मोनियमवाला, आणि गटातले बाकीचे आठ