आप्पा दोन तास फाटकाबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शवविच्छेदनाच्या इतिहासाचा लेख वाचला. मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये कलकत्त्यात प्रेताला हात न लावण्याची रूढी मोडून हाती सुरी घेतली, ते छान लिहिले आहे. एडिंबरोच्या बर्क आणि हेअर या जोडीने १८२८ मध्ये १६ खून करून विच्छेदनासाठी प्रेते विकली, त्याला अर्धे पान. सुश्रुताला मात्र एकच ओळ. आणि आपण होऊन देह देणाऱ्यांना? एकही नाही!

माझे वडील, आप्पा, संस्कृतचे शिक्षक. सुश्रुताचा तो उतारा त्यांना पाठ होता. मुंज गवतात किंवा सालीत गुंडाळलेले प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडजागी ठेवायचे, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. प्रेत कसे हवे? सगळे अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घ आजाराने न खंगलेले, शंभरी न गाठलेले. "म्हणजे मी बसतो यात," असे म्हणून त्यांनी देहदानाचा अर्ज भरला आणि कार्ड देव्हाऱ्याशेजारी लावले.

ते गेले पाडव्याच्या संध्याकाळी, शहाऐंशीव्या वर्षी. डॉक्टरांचा दाखला घेतला, डोळे दिले. कार्डावरचा फोन कोणी उचलेना, तेव्हा तसेच शववाहिका घेऊन वैद्यकीय महाविद्यालयात निघालो. फाटकावर उत्तर मिळाले, "शरीररचना विभाग बंद आहे, सुट्टीनंतर या." सुट्टीनंतर! दोन तास आम्ही रस्त्यावर उभे. बहीण आप्पांच्या पायांवर हात ठेवून बसली होती. काका म्हणाले, "वैकुंठ स्मशान उघडे आहे, अजून विचार कर." शेवटी कोणीतरी निरोप दिला म्हणून विभागातले एक शिपाई घरून सायकलवर आले. कुलूप काढले, चप्पल बाहेर ठेवली आणि म्हणाले, "आजोबांना आत घ्या." त्या रात्री आमच्याशी माणसासारखे वागले ते एवढेच.

विलायतेत १८३२ च्या कायद्याने गरीबखान्यांतली, रुग्णालयांतली बेवारस प्रेते शिक्षणासाठी मिळू लागली. आपल्याकडे १९४९ चा कायदाही मुळात बेवारस प्रेतांसाठीच. गरिबाला विचारले कोणी नव्हते. आप्पांनी विचारपूर्वक, सही करून दिले. अशा माणसाला उतरवून घ्यायला सणासुदीला, रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक फोन आणि एक माणूस, एवढे मागणे जास्त आहे का? मेलेला माणूस सुट्टी संपेपर्यंत थांबू शकत नाही, हे शरीररचना शिकवणाऱ्यांना मी सांगायचे?

जाता जाता आणखी एक. आपले वार्ताहर अपघाताच्या बातमीत पोस्टमॉर्टेमलाही 'शवविच्छेदन' लिहितात आणि लेखातही तोच शब्द. पोस्टमॉर्टेम झालेला देह देहदानात सहसा घेत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन्ही एकच समजून अर्ज फाडून टाकला. पोस्टमॉर्टेमला कृपया 'उत्तरीय तपासणी' लिहा.

माझाही अर्ज भरून तयार आहे. मुलगी सहीला बसली आणि म्हणाली, "बाबा, दिवाळी असली तर?" तिची सही अजून व्हायची आहे.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे