पम्यास पत्र : धुराड्याच्या खाली

सोलापूर,
५ मे

प्रिय पम्या,

तब्येत ठीक. साखर काबूत आहे, गुडघा कुरकुरतो, ऊन त्रेचाळीसच्या वर गेलंय. झालं तब्येतीचं.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच तोडतोस आणि मग विषय तुझ्या सोसायटीच्या पार्किंगवर जातो. हे तुला सलग वाचायला लागेल.

दादानं साखर पेठेतलं घर रिकामं केलं तेव्हा माळ्यावर काय सापडलं ते तुला त्यानं सांगितलं असेलच. आपली एजॅक्स, ब्रिटिश युद्धनौकेचं प्लॅस्टिकचं मॉडेल. एअरफिक्सचं तेच खोकं, एका बाजूला उंदरानं कुरतडलेलं, आणि आत आपण अर्धी जोडून सोडून दिलेली बोट. थोरल्या वहिनी भंगारवाल्याला देणार होत्या, दादानं माझ्याकडे आणून टाकली. तेव्हापासून मी तिच्यावर बसलोय. पहाटे पाचला उठतो, कारण आठनंतर इथं रंगाला हात लावता येत नाही. ब्रश प्लॅस्टिकला टेकेपर्यंत एनॅमल सुकतं. पंखाही बंद ठेवावा लागतो, नाहीतर पितळी कठडे उडून कुठल्या कुठं जातात. मे महिन्यात, सोलापुरात, पंखा बंद. घरच्यांना वाटतं मला काहीतरी झालंय.

आता ओरडू नकोस. एक्स टरेट, तोफांचा तो फिरता बुरूज, मी कापला.

होय, मागच्या दोन टरेटांतला वरचा. त्याचा गोल चौथरा अकरा नंबरच्या सर्जिकल ब्लेडनं चारी बाजूंनी कोरत कोरत काढला, मग चारशेच्या पॉलिश पेपरनं घासला, मग सहाशेच्या. कारण ही आता एजॅक्स राहिलेली नाही. मी तिची दिल्ली करतोय. अण्णांची दिल्ली, तुझे वडील नौदलात जिच्यावर होते ती.

तुला आठवतं ना ते भांडण? अण्णा म्हणाले, 'आमच्या बोटीला तीन टरेट. सहा तोफा.' आणि तू खोक्यावरचं चित्र त्यांच्या नाकासमोर धरलंस: 'चार आहेत, मोजा. आठ तोफा. तुम्ही विसरलात.' अण्णा तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते रे, आणि तू त्यांना विसरभोळे ठरवून मोकळा झालास. मी त्यांची बाजू घेतली म्हणून तू माझी सायकल पार्क मैदानावर सोडून चालत घरी गेलास आणि ती सायकल मला रात्री नऊला सापडली. ते मी सोडलेलं नाही अजून.

ऐक आता. एजॅक्स आणि अकिलीस सख्ख्या बहिणी, दोघींना चार-चार टरेट. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटला दोघींनी एक्झेटरला सोबत घेऊन जर्मनांच्या ग्राफ स्पेला गाठलं, तेच खोक्यावरचं चित्र. पण ५ जानेवारी १९४३ ला ग्वादलकनालजवळ अकिलीसच्या एक्स टरेटवर बॉम्ब पडला. पोर्ट्समथला दुरुस्तीला गेली तेव्हा तो टरेट काढून तिथं चार नळ्यांचा पॉमपॉम, विमानं पाडायची तोफ, बसवला. १९४८ साली ती आपल्याकडे आली, दिल्ली झाली, ती तीन टरेटांची. अण्णा बोटीवर चढले तेव्हा चौथा टरेट जाऊन पंधरा वर्षं होत आली होती. ते बरोबर होते आणि आपलं खोकंही बरोबर होतं, फक्त खोक्यावर दुसरीच बहीण होती. तू त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होतास त्याचं काय करायचं ते तू बघ.

बाकी कामही बरंच झालंय. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढून सांगाडा केळ्यागत वाकला होता. गरम पाण्यात धरून, स्टीलच्या पट्टीला बांधून, गार होईपर्यंत तसाच ठेवला, असं दोनदा केलं तेव्हा सरळ झाला. मास्टवर तिवई आणली, पितळी तारेची. विमान उडवायचं कॅटापल्ट काढलं, आपल्याकडे आली तेव्हा ते नव्हतंच. दोरखंडांसाठी संज्याच्या कारखान्यातून चाळीस नंबरचं सूत आणलं आणि लगेच परत दिलं. संज्याला राग आला. मी त्याला हिशेब करून दाखवला. चाळीस नंबरचं सूत साधारण सातवा भाग मिलिमीटर जाड, आणि आपली बोट सहाशे पटींनी लहान. म्हणजे खऱ्या बोटीवर साडेआठ सेंटिमीटरची दोरी, शिवाय तिला लव. अशा दोरीनं बोट बांधून ठेवतात, वायरलेसची तार लावत नाहीत. सोलापूरचं सूत चादरीला चांगलं, ह्याला नाही. मग किटच्याच चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरला, मऊ झाल्यावर दोन हातांनी ओढला. एका दमात ओढायला लागतो, हात थांबला की मधेच गाठ येते. जमला की अर्धा दशांश मिलिमीटरचा धागा निघतो, गुळगुळीत. संज्या बघत राहिला.

आणि तुझं नेलपॉलिश! तळाला लाल रंग हवा म्हणून तू तुझ्या आईची, आमच्या काकूंची, बाटली पळवली होतीस, आठवतंय? ते प्लॅस्टिक खातं, बे. डाव्या बाजूला, धुराड्याच्या बरोबर खाली, बोटभर जागा खरबरीत होऊन आत बसलीय. मी पुट्टी भरायला घेतली होती.

इथंच खरी गोष्ट आहे. परवा काकू आल्या होत्या. ब्याऐंशीच्या झाल्या, पण रिक्षातून एकट्या उतरल्या, मला म्हणाल्या, 'ह्यांची बोट दाखव.' टेबलाशी बसल्या. चष्मा वर केला, खाली केला. तोफांकडे बघितलं नाही, कॅप्टनच्या पुलाकडे नाही. बोट धुराड्यावर ठेवलं आणि खाली डेकपर्यंत आणलं. म्हणाल्या, 'लग्नानंतर मुंबईला नेलं होतं मला. गेटवेवरून दाखवलं. मी विचारलं, तुम्ही कुठं असता? तर म्हणाले, त्या धुराड्याच्या खाली. खाली म्हणजे कुठं रे?'

मला काही बोलता आलं नाही, पम्या. कारण ह्या बोटीत ती जागाच नाही. टरेट आहेत, कठडे आहेत, होड्या आहेत, कॅप्टन उभा राहतो तो पूल आहे. अण्णा जिथं होते तिथं दोन फाकींच्या मधली पोकळी आहे. मी सगळी बोट बरोबर केली आणि ज्या माणसासाठी केली त्याची जागाच तिच्यात नाही.

त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही. माझ्या डोक्यात आलंय ते सांगतो. डाव्या बाजूला, तू खराब केलेल्या त्याच जागी, सांगाडा कापून खिडकी करायची आणि आत बॉयलर रूम बांधायची. ह्या बोटींचे सगळे बॉयलर पुढच्या भागात लागोपाठच्या खोल्यांत, म्हणून तर त्यांना एकच जाड धुराडं. पुढच्या धाकट्या बहिणींमध्ये बॉयलर विभागले, कारण एकाच टॉर्पेडोनं सगळे बंद पडायची भीती, आणि त्यांना दोन धुराडी आली. म्हणजे काकूंना अण्णांनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, धुराड्याच्या खाली. ७२,००० अश्वशक्तीची वाफ तिथून निघायची.

आणि अण्णांनी आपल्याला ते सांगितलंय रे. तोफांचं कधी काही बोलले नाहीत. १८ डिसेंबर १९६१ ला दिल्लीनं दीववर तोफा डागल्या तेव्हा ते बोटीवर होते, आपण खोदून खोदून विचारायचो, तर म्हणायचे, 'आवाज आला.' पण बॉयलर रूमचं विचारलं की सुरू. दोन दारं असायची, मधे चिंचोळी खोली. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आत पंख्यांनी हवा कोंबलेली, दाब जास्त. कानांना दडे बसायचे. 'हवेच्या आत शिरायचं,' म्हणायचे. फावडं नाहीच, सगळं तेलावर. तेलाचे स्प्रेअर बदलायचे, धुसफुसले की साफ करायचे, आणि डोळा धुरावर. वर काळा धूर गेला की वरून शिव्या खाली. मग इथं येऊन गिरणीच्या बॉयलरवर कोळसा. 'तिथं तेल, इथं कोळसा, घाम तोच,' असं म्हणून आपल्याला गोळ्या द्यायचे.

कापायचं तर अडचणी आहेत. प्लॅस्टिक सव्वा मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या हिशेबात पाऊण मीटरची भिंत. तिथं बोटीचं चिलखत चार इंची, ते सहाशे पटींनी लहान केलं तर मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही बारीक. म्हणजे खिडकीच्या कडा आतून घासून कागदाएवढ्या करायला लागतील, आणि हे प्लॅस्टिक आपल्या शाळेच्या काळातलं, ठिसूळ. एक तडा गेला तर पुलापर्यंत जाईल. बोटीची रुंदी तिथं पावणेतीन सेंटिमीटर. त्यात बॉयलर, नळ्या, जाळीची लोखंडी जमीन, आणि अण्णा. पाच फूट सहा इंचांचे अण्णा तिथं २.८ मिलिमीटरचे होतात, तिळाएवढे. काकूंना दिसतील का ते?

दुसरा मार्ग, बॉयलर रूम वेगळीच करायची, मोठ्या मापात, एकास बहात्तर. अण्णा सव्वादोन सेंटिमीटरचे. काकूंना नीट दिसतील. पण मग ती बोटीपासून वेगळी पेटी झाली, शोकेसमध्ये शेजारी ठेवलेली. काकूंनी विचारलं होतं 'ह्यात कुठं'. मला ते पटत नाही. तुला पटतं का?

संज्या म्हणतो, इतकं काय, धुराड्यावर बोट ठेवून सांग की इथं. तो पंधरा मिनिटं वाद घालत होता. त्याचं म्हणणं, कापलेली बोट म्हणजे बिघडवलेली बोट, आणि मॉडेल बघणारे नावं ठेवतील. ठेवोत. मला एवढंच खुपतं की दिल्लीचा मागचा वाय टरेट आजही न्यूझीलंडला, ऑकलंडच्या डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर जपून ठेवलाय. आपण तो त्यांना भेट दिला, चांगलं केलं. लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. पण १९७८ ला बोट निवृत्त झाली आणि तुटली तेव्हा बॉयलर भंगारात गेले. तोफेला माणूस विसरत नाही. ज्यांनी ती तोफ तिथवर नेली त्यांचं एक पात्याएवढं काही राहिलं नाही. मग एका मॉडेलात तरी राहू दे की.

पण बोट तुझी आहे, वडील तुझे आहेत. एक्स टरेट मी न विचारता कापला कारण ते अण्णांनी स्वतः सांगितलेलं होतं. हे मात्र तुला विचारल्याशिवाय करणार नाही. दादाला विचारलं, तो म्हणाला, 'पम्याला विचार, तोच त्यांच्याशी तासन्तास बोलायचा.'

मुग्धाचं ठरलं म्हणे, फार आनंद झाला, मुलगा कुठला, काय करतो ते सविस्तर कळव. तुझ्या रिटायरमेंटचे पैसे मिळाले का? बडोद्यात घर ठेवणार की इकडे येणार हे ह्या वर्षी तरी ठरव. वहिनींना नमस्कार.

तर मला दोन गोष्टी कळव. एक, कापू का. दोन, अण्णा पुढच्या बॉयलर रूममध्ये असायचे की मागच्या? तुला नक्की सांगितलं असेल, तू रात्री त्यांच्याबरोबर गच्चीवर झोपायचास. पुढची असेल तर खिडकी पुलाच्या खाली सरकवावी लागेल आणि तिथं प्लॅस्टिक चांगलं आहे, तुझ्या नेलपॉलिशची जागा वाया जाईल. मागची असेल तर ती जागा अगदी नेमकी आहे. ते दार कुठल्या बाजूला होतं, शिडी उभी होती की तिरकी, ते जे काही तुला बोलले असतील ते सगळं लिही, चित्र काढता आलं तर काढ, कसंही चालेल. उत्तर येईपर्यंत पुट्टी भरत नाही.

तुझा,
शऱ्या

ता. क. काकूंना ह्यातलं काही बोलू नकोस. आणि शेंगाचटणी दोन किलो कुरिअरनं पाठवतोय, त्यातली अर्धी मुग्धाची आहे, सगळी तू खाऊ नकोस.