सावंतवाडीच्या थेरपीवाल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही मागेच बजावलं आहे, म्हणून नुसतं ताई. आभार तुमच्या खोलीत बसूनही मानता आले असते. पण माझ्यासारख्या कितीतरी आया रात्री मूल झोपल्यावर मोबाइलवर ‘सेन्सरी टॉइज’, म्हणजे स्पर्श-हालचालीची खेळणी, शोधत बसतात, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. त्यांच्याही कानावर पडावं म्हणून हे उघड पत्र.

गेल्या वर्षी जुलैत मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत रिपोर्टांची फाइल, दुसरीत खेळणी. ऑनलाइन मागवलेला २४ नगांचा संच, ३,२०० रुपयांचा. लेक पाच वर्षांचा होता, ऑटिझमचं निदान होऊन चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत आपण काहीतरी केलं असं म्हणण्याजोगी माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. त्यानं पहिल्या दिवशी सगळं फरशीवर पसरलं, पॉप-इटची, म्हणजे बोटानं दाबायच्या रबरी फुग्यांच्या पाटीची, कड दोन दिवस चावली आणि मग पुन्हा आपल्या शर्टाची कॉलर तोंडात धरली.

तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत आणि पिशवी सतरंजीवर रिकामी केलीत. एकेक वस्तू उचलून वास घेतलात, ताणून पाहिलीत. बोटावर फिरवायच्या, दिव्याच्या स्पिनरचं झाकण नखानं उघडलंत. स्क्रू नव्हताच. तीन चपटे सेल तुमच्या तळहातावर पडले, शर्टाच्या बटणाएवढे. “हा गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं,” एवढंच म्हणालात. आवाज चढवला नाहीत, मला बोल लावला नाहीत. ज्या मुलाच्या तोंडात दिवसभर काही ना काही असतं, त्याच्या हातात मी ते दिलं होतं. त्या क्षणी पोटात कसा गोळा आला होता, ते आजही आठवतं.

सेल कागदात गुंडाळून तुम्ही वरच्या फळीवर ठेवलेत आणि विचारलंत, “तो आपणहून काय शोधतो?”

मला सांगता येईना. तो काय करत नाही, ते मला तोंडपाठ होतं. नावानं हाक मारली तर बघत नाही, एका जागी बसत नाही, ओल्या गवतावर पाय टेकत नाही. डॉक्टरांच्या, शाळांच्या सगळ्या कागदांवर तेच लिहिलेलं. तो काय शोधतो हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही बघितलं नव्हतं.

मग तुम्ही शंभर पानी वही घ्यायला लावलीत. सात दिवस काही विकत आणायचं नाही, फक्त लिहायचं. काय केलं, कधी, त्याच्या आधी काय घडलं, आणि त्यानंतर निवला की आणखी चेकाळला. ताई, त्या सात दिवसांत मी माझ्या मुलाकडे जेवढं पाहिलं तेवढं त्याआधीच्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. कॉलर चावणं दिवसभर नव्हतं, घरातून बाहेर पडायच्या सुमारास होतं. संध्याकाळी तो गाद्यांच्या घडीत आणि भिंतीत अंग कोंबून उभा राहायचा, तेव्हा त्याचा चेहरा सैल पडायचा. आणि दुपारी पडवीतल्या झोपाळ्यावर पालथा पडून पायानं जमीन रेटत राहायचा.

माझ्या सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, “ह्याका झोपाळ्यार बसव गो.” मी ऐकत नव्हते. थेरपी म्हणजे काहीतरी रंगीत, काहीतरी आयात केलेलं, अशी माझी समजूत होती. वही वाचून तुम्ही म्हणालात, “आजींचं बरोबर आहे.” मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून नातवाची थेरपी त्यांनी आपल्या हातात घेतली.

तुम्ही मला साध्या भाषेत समजावलंत. पाच इंद्रियं आपण शाळेत शिकतो, पण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं एक आणि स्नायू-सांध्यांतून अंगाचा ठाव देणारं एक, अशी आणखी दोन असतात. काही मुलांना त्यांचा खुराक जास्त लागतो, काहींना थोडाही सोसत नाही. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्टनं, १९६० आणि ७० च्या दशकांत ही मांडणी केली, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि लगेच हेही, की खेळण्यानं ऑटिझम जात नाही, जाईल असं सांगून विकणाऱ्यापासून लांब राहा. मुलाचा दिवस थोडा सोपा होतो, एवढंच. तुमच्या या ‘एवढंच’मुळे माझा तुमच्यावर विश्वास बसला.

शाळेच्या आधी दहा-पंधरा मिनिटं झोपाळा, पुढे-मागे, एका लयीत. गरगर फिरवायचं नाही, चेहरा पांढरा पडला किंवा घाम आला तर तिथेच थांबायचं. त्यानंतर वजनाचं काम. परसातले असोले, म्हणजे न सोललेले, नारळ एकेक करून माजघरापर्यंत आणायचे. आधी दोन, आता आठ आणतो. नारळ पोटाशी धरून, मान खाली घालून, पाय घट्ट रोवत तो येतो, आजी मोजते आणि शेवटचा नारळ ठेवल्यावर तो तिच्या मांडीवर टेकतो. वेटेड ब्लँकेट, म्हणजे वजन भरलेलं पांघरूण, मी चार-पाच हजारांना पाहून ठेवलं होतं. त्याऐवजी सासूबाईंनी पेटीतून जुन्या लुगड्यांची जाड गोधडी काढली. जागेपणी, मांडीवर, पंधरा-वीस मिनिटं, त्याला स्वतःहून भिरकावता येईल एवढीच. झोपेत नाही, तोंडावर तर कधीच नाही, आणि घरातल्या दीड वर्षाच्या धाकटीला अजिबात नाही. हे तुम्ही दोनदा म्हणवून घेतलं होतंत.

साबुदाण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

ओलं, चिकट, बुळबुळीत काहीही त्याला चालत नव्हतं. मऊ भात हाताला लागला तरी किंचाळायचा. मी पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी आणायचं ठरवलं होतं, व्हिडिओत छान दिसतात म्हणून. तुम्ही सरळ नाही म्हणालात. ते गिळले तर आतड्यात फुगून बसतात. “घरात साबुदाणा आहे ना? तो भिजवा.” पाव किलो साबुदाणा, अर्ध्यात बिटाचं पाणी, अर्ध्यात हळद. परातीत पसरला, बाजूला ओलं फडकं ठेवलं. फडकं सगळ्यांत महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणाला होतात. हात पुसता येतो हे त्याला दिसलं पाहिजे, आणि आपण त्याचा हात धरून आत घालायचा नाही.

पहिल्या दिवशी त्यानं परातीकडे पाहिलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या चमच्यानं ढवळलं. तिसऱ्या दिवशी एक बोट, लगेच फडकं. चौथ्या दिवशी पुन्हा चमचाच. मी निराश झाले, तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, चालू दे. साधारण दोन आठवड्यांनी मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते, मागे आवाज नाही म्हणून वळून पाहिलं, तर दोन्ही हात मनगटापर्यंत साबुदाण्यात, आणि तो मुठीतून दाणे हळूहळू सांडत होता. पिवळा दाणा गुलाबीत पडताना बघत होता. फडकं तसंच पडलं होतं. तव्यावरची भाकरी करपली. मी तिथेच उभी राहून रडले, आणि सासूबाईंनी काही न विचारता तवा उतरवला.

त्या रात्री त्यानं वरण-भाताला हात लावला. खाल्ला नाही, लावला. मला तेवढं पुरलं.

तुम्ही सगळंच स्वस्तात करायला लावलं नाहीत, हेही सांगायला हवं. कॉलरच्या जागी चावायला म्हणून फूड-ग्रेड सिलिकॉनचं लॉकेट घ्यायला लावलंत, ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या कडीचं. ४५० रुपये. “इथे पैसे वाचवू नका.” रोज रात्री ते बोटानं दाबून बघते, चीर दिसली की टाकायचं. बाहेर पडण्याआधी गाजराचा लांब तुकडा, कडक भाकरीचा पापुद्रा किंवा स्ट्रॉनं घट्ट चिकू-शेक. कॉलर अजून चावतो, पण शाळेत जाताना शर्ट कोरडा असतो.

आणि घरातलं, आपल्याकडचं ते सगळं चांगलंच, असंही तुम्ही मानत नाही. सासूबाईंनी हौसेनं सागरगोटे काढले, त्यांच्या लहानपणचे, गुळगुळीत. तुम्ही मान हलवलीत. सव्वा इंच रुंदीच्या नळीत जी वस्तू अख्खी मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही, आणि ज्याचं सगळं तोंडात जातं त्याच्या हाती तर तो कितीही मोठा झाला तरी नाही. सासूबाई हिरमुसल्या, पण सागरगोटे पुन्हा डब्यात गेले.

सावंतवाडीतल्या लाकडी खेळण्यांच्या चितार आळीत तुम्ही स्वतः माझ्याबरोबर आलात, रविवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. कितीदा त्या रस्त्यानं गेले असेन, पण लाकडी फळांच्या टोपल्या पाहुण्यांना भेट द्यायच्या एवढंच मला ठाऊक. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालंय, पण नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून इथे चिन्ह शोधण्यापेक्षा वस्तू तपासायची, असं तुम्ही सांगितलंत. नखानं रंग खरवडून बघायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, जोड ओढून बघायचा. आणि चावणाऱ्या मुलाला रंगीत लाकूड द्यायचंच नाही. आपण बिनरंगाचा, नुसता घासलेला भोवरा घेतला. दोरी गुंडाळायला त्याला अजून जमत नाही, पण त्याचे बाबा फिरवून देतात आणि तो पोटावर पडून, हनुवटी जमिनीला टेकवून, भोवरा डुलेपर्यंत बघतो.

शाळेचं फार लिहीत नाही. आधीच्या शाळेत जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, आता तो विषय नको. या शाळेतल्या बाईंनी तुमची चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी सगळं करू दिलं. बाकाच्या खालच्या बाजूला वीतभर वेल्क्रोची खरखरीत पट्टी, बोटानं चोळायला, २० रुपयांची. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधलेली, पायानं रेटायला, ती सायकलवाल्यानं फुकट दिली. शाळेत न्यायच्या वस्तूची तुमची परीक्षा मी आता सगळ्यांना सांगते. हात चालू आणि डोळे फळ्याकडे असतील तर ती वस्तू मदत करतेय. डोळे वस्तूवर गेले की ते खेळणं झालं, ते घरी ठेवायचं. दिवा नको, आवाज नको, मुठीत मावावी. २०१७ साली स्पिनरची लाट आली, २०२१ च्या सुमारास पॉप-इटची, आणि दोन्ही वेळा तुमच्याकडे पालकांनी पिशव्या भरभरून आणल्या होत्या म्हणे. माझी पिशवी पहिली नव्हती, हे ऐकून मला किती हलकं वाटलं होतं.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या तेव्हा मीच एका आईला स्टॉलवर थांबवलं. तिच्या हातात छोट्या लोहचुंबकांच्या गोळ्यांची डबी होती. एकाहून जास्त गिळल्या तर पोटात एकमेकींना ओढतात आणि मधलं आतडं चिमटतं, हे तुमचंच वाक्य मी तिला सांगितलं. तिनं डबी खाली ठेवली. तिचा मुलगा चार वर्षांचा, कानावर हात घेऊन उभा होता. तुमचा पत्ता तिला दिला आहे, येईल.

हिशेब सांगायचा तर वर्षभरात लॉकेट, भोवरा, वेल्क्रो, साबुदाणा आणि वही मिळून हजाराच्या आत खर्च झाला. ३,२०० च्या संचातल्या दोन वस्तू अजून वापरात आहेत, एक दाबायचा चेंडू आणि एक ताणायची नळी. वाचलेल्या पैशांतून तुमच्याकडची सत्रं चुकली नाहीत.

वही अजून चालू आहे. दुसरी. कालच्या पानावर लिहिलंय: ‘सकाळी स्वतः झोपाळ्याकडे गेला. धाकटीला शेजारी बसवून घेतलं. तिनं कॉलर ओढली, ओरडला नाही.’

येत्या मंगळवारच्या सत्राला तुमच्यासाठी दोन असोले नारळ आणतोय. तुम्ही काही घेत नाही हे माहीत आहे, पण हे त्यानं स्वतः निवडलेत, हलवून, कानाला लावून. पिशवी तोच उचलणार आहे आणि तुमचा जिना तोच चढणार आहे. वाटेत थांबेल, पायरीवर बसेल, वेळ लागेल. तुम्ही फक्त वर दार उघडं ठेवा.

तुमची,
झोपाळ्यावाल्या मुलाची आई