डोंगर आडवा येत नाही, फणस येतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘डोंगरकपारीतल्या वाड्यांमध्ये टीव्ही दिसत नाही’ अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. वाडी कुठलीही असो, कारण ठरलेलं असतं: मागे डोंगर आहे. मी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गणित-भूगोल शिकवून निवृत्त झाले. माझ्या घरामागेही डोंगर आहे, आणि माझ्याकडे टीव्ही स्वच्छ दिसतो. म्हणून हे पत्र.

डोंगराला नावं ठेवायची सवय आपल्याला जुनीच आहे, आणि एके काळी ती बरोबरही होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळालं. आमच्या खोऱ्यात मात्र ऐंशीच्या दशकातही पडद्यावर मुंग्याच. लघुशक्ती प्रक्षेपकाच्या लहरी समोरून, जमिनीला धरून यायच्या. वाटेत टेकाड आलं की संपलं. आमच्या वाडीत सगळ्यात उंच चिव्याच्या बांबूला अँटेना बांधून एक जण वर फिरवायचा, एक जण खळ्यात उभा राहून आरोळी द्यायचा. रविवार सकाळच्या मालिकेसाठी पोरं दोन मैल चढून सड्यावरच्या घरी जायची. आता ते प्रक्षेपकच राहिले नाहीत. मार्च २०२२ पर्यंत देशातले जवळपास सगळे जुने अॅनालॉग प्रक्षेपक प्रसार भारतीने बंद केले, मोक्याच्या ठिकाणचे पन्नासएक तेवढे ठेवले. म्हणजे ज्यांच्याकडे केबल नाही आणि इंटरनेट धड चालत नाही, त्यांना छत्रीवाचून, म्हणजे उपग्रहाच्या तबकडीवाचून, गत्यंतर नाही.

पण छत्रीत चित्र समोरून येत नाही, वरून येतं. डीडी फ्री डिशचे, म्हणजे दूरदर्शनच्या बिनपैशाच्या छत्रीचे, चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. नकाशात ग्रेट निकोबारवरून बोट सरळ खाली विषुववृत्तापर्यंत न्या, त्या जागेच्या डोक्यावर. आमच्या तालुक्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून उजवीकडे मोजलं तर १३० अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर दिसतो. (दिसतो म्हणजे डोळ्यांना नव्हे.) एकोणसाठ अंश म्हणजे मार्चमधल्या सकाळी अकराच्या उन्हाएवढा उंच. तेवढ्या उंचीला आडवा येणारा डोंगर आमच्या पंचक्रोशीत तरी मी पाहिलेला नाही.

हे मला आधी ठाऊक होतं अशी शेखी मी मिरवणार नाही. चार वर्षांपूर्वी दोघे जण मोटरसायकलवरून छत्री बसवायला आले. पडवीच्या खांबाला तबकडी लावली, पाऊण तास फिरवली, मोबाइलवर कोणाशी तरी बोलले आणि मला म्हणाले, “बाई, मागे डोंगर आहे, इथे रेंज नाही.” येण्याचे म्हणून तीनशे रुपये घेतले आणि गेले. मला रेंज या शब्दाचाच राग आला. रेंज मोबाइलच्या टॉवरची असते. उपग्रहाला आमची वाडी आणि पुण्याची पेठ सारखीच.

दुसऱ्या दिवशी नातवाची कंपासपेटी काढली. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट अडकवला, झाला ओळंबा. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावून डोंगराच्या माथ्याकडे रोखली, दोरा कुठल्या आकड्यावर येतो ते नातवाला वाचायला लावलं आणि नव्वदातून वजा केलं. आला पंचवीस. मग त्याच आग्नेय दिशेला अंगणातला फणस धरला. पडवीच्या खांबापासून त्याचा शेंडा सत्तर अंशांवर! म्हणजे डोंगर बिचारा उपग्रहाच्या वाटेखाली चौतीस अंश पडून होता, आणि माझ्या सासऱ्यांनी लावलेला बरका फणस पानांची भिंत घेऊन मधोमध उभा. ओल्या पानांतून या लहरी जात नाहीत. त्या दोघांनी मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

फणस तोडायचा प्रश्नच नव्हता. तबकडी उचलून परड्याच्या दक्षिण कोपऱ्यात नेली. इथे एक हिशोब सांगते, तो सगळीकडे उपयोगी पडेल. आमच्या भागात झाडाची उंची जितकी, तिच्या सहा दशांश अंतर तबकडी आणि झाड यांच्यात असलं की वाट मोकळी. दहा मीटरचं झाड असेल तर सहा मीटर लांब. हा हिशोब फ्री डिशपुरता. पैसे भरायच्या कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत, ८३ अंशांपासून १०८ अंशांपर्यंत. त्यातला १०८वाला आमच्याकडून जेमतेम ४५ अंश वर येतो, म्हणून त्याला झाडापासून उंचीइतकंच अंतर लागतं. शेजाऱ्याकडे एका कंपनीचं चित्र येतं आणि आपल्याकडे दुसरीचं येत नाही, यात पुष्कळदा एवढंच असतं.

आणि तबकडी छपरावरच हवी हा हट्ट कशाला? उपग्रह इतका वर आहे की समोर मोकळं असेल तर कमरेएवढ्या खांबावरही काम होतं. कौलांवर चढायला नको, आणि मुख्य म्हणजे माकडं. कोकणात राहणाऱ्याला मी याहून जास्त सांगायला नको. आमच्या वरच्या घरची छत्री माकडांनी झोपाळा करून दोनदा वाकवली.

भिंतीचीही एक गोष्ट. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यात भोक पाडून प्लग ठोकतात. चिरा पाणी पितो. पहिल्या पावसात प्लग ढिला होतो, तबकडी केसभर सरकते आणि लोक म्हणतात पावसाने उपग्रह बिघडला. माझा एक जुना विद्यार्थी गवंडीकाम करतो. त्याने परड्यात दीड हात खड्डा घेतला, दोन इंची जीआय पाईप काँक्रीटमध्ये बसवला आणि चारही बाजूंनी लेवल बाटली लावली. पाईप ओळंब्यात नसेल तर तबकडीवरच्या अंशांच्या खुणांना काही अर्थ उरत नाही, हे त्याला मी सांगायच्या आधीच कळलं. त्याला गणितात मी कधी पस्तीसच्या वर मार्क दिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी, काँक्रीट आवळल्यावर, आम्ही तबकडी लावली. दिशा धरायला मोबाइलमधलं होकायंत्र, पण पाईपपासून चार पावलं लांब उभं राहून. लोखंडाजवळ ते खोटं बोलतं. तबकडीच्या मागच्या पट्टीवर ५९ ची खूण, आणि मग डावी-उजवीकडे अगदी सावकाश. इथेच सगळे घाई करतात. साठ सेंटिमीटरच्या तबकडीला एक अंश म्हणजे कडेला फक्त पाच मिलिमीटर. तीन अंश चुकलं की उपग्रह गेला, किंवा शेजारच्या ९५ अंशांवरचा दुसराच सापडतो. टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ पाहून उड्या मारू नयेत. केबल जोडलेली असली तर ती आभाळाकडे तोंड करूनही भरते. खरी पट्टी क्वालिटीची. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० लावून ती शून्यावरून हलेपर्यंत थांबायचं. मी खिडकीतून टीव्ही पाहत होते, तो परड्यात सुतासुताने तबकडी सरकवत होता. एकदम शून्याची चौतीस झाली. मी ओरडले, “थांब! हात काढ!” शेवटी एलएनबी, म्हणजे तबकडीसमोरच्या दांड्यावरचा लहरी पकडणारा डबा, त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवला, तेव्हा चौसष्टवर गेली. हे शेवटचं काम बहुतेक जण करतच नाहीत, एलएनबी सरळ उभा खोचून मोकळे होतात.

पाऊस हा कोकणातला खरा शत्रू. या लहरींना मुसळधार पाऊस शोषून घेतो, त्यावर इलाज नाही. दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं, येतं. मी मात्र साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची तबकडी घेतली. तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, त्यामुळे सरीत तग धरते. पण पाऊस थांबूनही चित्र येत नसेल तर उपग्रहाला बोल लावू नये, केबलचं टोक पाहावं. माझ्याकडे पहिल्याच जुलैत तसं झालं. एलएनबीचा कनेक्टर उघडला तर आत हिरवट-पांढरा थर आणि केबलच्या जाळीतून पाणी थेंब थेंब गळतंय. नवा तुकडा जोडला, सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून जातं. त्यानंतर तीन पावसाळे गेले.

उपग्रहाची वाट मोकळी आहे का, हे पाहायची एक फुकट युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास काही दिवस पाच-दहा मिनिटं चित्र बिघडतं. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सप्टेंबरच्या अखेरीसही तसं होतं, पण तेव्हा ढग असतात. त्या वेळी तबकडीची जागा उन्हात आहे की झाडाच्या सावलीत, एवढं पाहा. सावली असेल तर उपग्रहही त्याच फांदीमागे आहे. कोनमापकसुद्धा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९.६१ कोटी रुपयांची प्रसारण सुविधांची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच मोफत द्यायची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण संच मिळाला तरी पाच मिलिमीटरची चूक काढणार कोण? फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, म्हणून बसवायला येणाऱ्याला त्यात रस नाही. तो अर्धा तास फिरवतो आणि डोंगराकडे बोट दाखवून जातो. चॅनेलांची मांडणी बदलली, नुसतं पुन्हा स्कॅन करायचं असलं, तरी ‘बॉक्स गेला’ म्हणून नवा गळ्यात मारतात. आमच्या वाडीतल्या एका काकींकडे असे दोन चालू बॉक्स फडताळात पडून होते.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक संचासोबत मराठीत एक कागद द्यावा आणि त्यावर त्या तालुक्याची दिशा आणि कोन छापावा. सगळ्या राज्याला एकच आकडा चालणार नाही. नागपूरला हाच उपग्रह १४५ अंशांच्या दिशेला आहे, आमच्यापेक्षा पंधरा अंश दक्षिणेकडे सरकलेला. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक सिग्नल मीटर घेऊन ठेवावा, गावातल्या दोन मुलांना तो वापरायला शिकवावं. साध्या मीटरला फार पैसे पडत नाहीत. गणपतीच्या मखराला गाव त्याहून जास्त खर्च करतो.

तोवर आमच्या पंचक्रोशीत कोणाला कोन मोजून हवा असेल तर मी येते. आतापर्यंत अकरा घरं झाली. नऊ ठिकाणी झाड, एका ठिकाणी शेजाऱ्याची पाण्याची टाकी आणि एका ठिकाणी तबकडी चक्क पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली होती, कारण त्या बाजूला डोंगर नव्हता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी