पॉलिसीची माहिती बाहेर जाते कशी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विमा फसवणुकीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. विषय घेतलात, बरं केलंत. पण सगळा रोख एकाच गोष्टीवर: लोक बोनसच्या लोभापायी फसतात, त्यांनी अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नये. हे वाचून मला मनस्वी राग आला.

माझे थोरले दीर निवृत्त शिक्षक. त्यांनाही असाच फोन आला होता. फोन करणारा अनोळखी खरा, पण त्याला पॉलिसी नंबर पाठ होता, शेवटचा हप्ता कधी भरला ते ठाऊक होतं, नॉमिनी म्हणून जाऊबाईंचं नाव आहे हेही त्यानेच सांगितलं. एवढी माहिती कंपनीकडे असते, नाहीतर एजंटकडे. मग भाऊजींनी त्याला कंपनीचा माणूस समजू नये तर काय समजावं? ‘तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीचे पैसे एजंटच्या कमिशनपायी अडकलेत, सोडवायचे तर नवी पॉलिसी घ्यावी लागेल, तीन महिन्यांत सगळं परत.’ भाऊजी स्वतःचेच पैसे मागत होते. याला लोभ म्हणायचं?

पुढचा भाग तर लेखात आलाच नाही. नवी पॉलिसी खोटी नव्हती. खऱ्या कंपनीची होती, बॉण्ड कुरिअरने घरी आला. लगेच फोन: ‘पाकीट फोडू नका, बोनसचा चेक येईपर्यंत सीलबंद राहू द्या.’ त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. यातली मेख आम्हाला फार उशिरा कळली. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचे पैसे, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून बाकीची रक्कम मिळते. फ्री-लुक म्हणतात त्याला. त्या भामट्यांना तेवढे ३० दिवस उलटून जायला हवे होते.

पाकीट फोडलं तेव्हा कळलं की एकरकमी म्हणून भरलेले पैसे हा दरवर्षीचा हप्ता आहे. अर्जावर भाऊजींचा धंदा ‘व्यापार’, उत्पन्न पेन्शनच्या कितीतरी पट आणि मोबाइल नंबर भलत्याच कुणाचा. पॉलिसी देण्याआधी कंपनी खातरजमेचा फोन करते, तो त्या नंबरावर गेला. आम्ही रेकॉर्डिंग मागून घेतलं. कुणी तरुण पोरगा घाईघाईने ‘हो, हो, समजलं’ म्हणतोय. अर्जावरची जन्मतारीख पाहणाऱ्याला हा आवाज म्हाताऱ्या माणसाचा नाही, एवढंही कळू नये?

‘तक्रार करावी’ असं लेखात आहे. कुठे करावी? पोलीस ठाण्यात सांगितलं, पॉलिसी खरी आहे, कंपनीकडे जा. कंपनीने कळवलं, फोन आमचा नव्हता, पोलिसांत जा. खरं तर वाट आहे. फसवणूक लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. आयआरडीएआय या विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा १५५२५५ हा नंबर आणि तक्रारींसाठी विमा भरोसा पोर्टलही आहे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मुंबई-पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. आयआरडीएआय स्वतः पॉलिसी विकत नाही, बोनसही जाहीर करत नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलंय; तिचं नाव घेऊन फोन आला की तो ठेवून द्यावा, इतकी ती पक्की खूण आहे. एवढ्या माहितीला चौकटीत जागा मिळायला हवी होती.

माझा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. जुन्या पॉलिसीची माहिती फुटली कुठून? कंपन्यांच्या उत्तरात याबद्दल चकार शब्द नाही. नव्या बॉण्डवर एजंट किंवा ब्रोकरचं नाव आणि कोड छापलेला असतो. त्या पॉलिसीचं कमिशन कुणाच्या तरी खात्यात जमा झालेलं असणार. म्हणजे चोराचा माग कंपनीच्याच दप्तरात आहे, फक्त काढायची इच्छा हवी. आपल्या वार्ताहरांनी फसलेल्यांना शहाणपण शिकवण्याऐवजी कंपन्यांना विचारावं: तक्रार आलेल्या किती पॉलिसींचे कोड तपासले, किती रद्द केले, कमिशन परत घेतलं का?

भाऊजींचा अर्ज आता लोकपालांकडे आहे. त्यांना अजून झोप लागत नाही आणि घरात फोन वाजला की ते उचलत नाहीत. कालचा लेख त्यांनीही वाचलाय.

आणखी एक. मुदत ठेव करायला बँकेत आलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ‘यात व्याज जास्त आहे’ म्हणून विम्याचे कागद सहीला सरकवले जातात. तो फोन करणारा निदान लपून तरी असतो. हे तर काउंटरवर, दिवसाढवळ्या चालतं. त्यावरही लिहा.

आपली,
एक नियमित वाचक